चेतनच्या गाडीसाठी मी निवडलेला क्लच

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगते. नाही, तुम्ही हसणारच, मला माहीत आहे. निदान चहा तेवढा आधी संपवा, नाहीतर नाकात जाईल आणि पुन्हा माझ्याच नावानं खडे फोडाल.

मी सातवी शिकलेली बाई. गाडीतलं मला कळतं ते एवढंच, की दार उघडून आत बसायचं आणि पदर दारात अडकला नाही ना ते बघायचं. अशा बाईनं एका पळणाऱ्या गाडीचा क्लच निवडला! नुसता क्लचच नाही, कॅमशाफ्टसुद्धा! आणि निवडला तो निवडला, वर खोटं बोलून बसवायलाही लावला!

थांबा, पहिल्यापासून सांगते.

जळगावात आमच्या घराला लागून नानांचं घर. नानांची पूर्वी पिठाची गिरणी होती. घरासमोरच पत्र्याची मोठी शेड, त्यात गिरणी. कमरेनं दगा दिला तशी नानांनी गिरणी विकून टाकली आणि शेडला कुलूप घातलं. घरात ते आणि त्यांचा मुलगा चेतन, दोघंच. चेतनची आई तो शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून त्याच्या डब्यात काय आहे इथपासून त्याला सर्दी कशानं झाली इथपर्यंत सगळं मी बघते. मला कुणी सांगितलेलं नाही. पण शेजार म्हणजे काय हो? सांगितल्यावर करायचं ते काम. न सांगता करायचा तो शेजार!

तर या चेतनला गाड्यांचं वेड. डिप्लोमा केला, एका गॅरेजमध्ये चार वर्षं घासली, आणि एक जुनीपुराणी लाल गाडी घेऊन तिच्यावर दोन वर्षं राबला. पत्रा ठोकला, रंग मारला, इंजिन उघडून पुन्हा बांधलं. स्वतःचं गॅरेज काढायचं, तेही समोरच्या शेडमध्ये, एवढंच त्याचं स्वप्न. आणि नानांचा एकच हेका: "आधी एक गाडी धड चालवून दाखव."

एके दिवशी दोघांचं जोरात चाललेलं मी ऐकलं. कान लावून बसले नव्हते हं! गच्चीवर बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, वाळत घालत होते. आता बिबड्या नेमक्या त्यांच्याच बाजूच्या कठड्याला का घातल्या म्हणाल, तर ऊन तिकडे होतं. मे महिन्यात जळगावात दुसरीकडे ऊन नसतं का, हे कृपा करून विचारू नका.

नाना म्हणत होते, "कापसाचा व्यापारी गोदामाला शेड मागतोय. एक तारखेला हो सांगणार आहे मी."

"नाना, मला एक संधी द्या ना."

"दिली! पुढच्या पंधरवड्यात धुळ्याला भूषणचं लग्न आहे. मला या तुझ्या गाडीतून ने आणि परत आण. वाटेत बंद पडली नाही आणि माझ्या कमरेला धक्का बसला नाही, तर शेड तुझी. पडली, तर व्यापाऱ्याची. बोल!"

"चालेल!" चेतन म्हणाला.

"चालेल!" मीही वरून म्हणाले. दोघांनी मान वर करून बघितलं. मी बिबडी उलटी केली.

भूषण म्हणजे नानांच्या बहिणीचा मुलगा. लग्न धुळ्यातच, नवरीही धुळ्याचीच. मला आमंत्रण होतंच. त्याच संध्याकाळी मी नानांच्या बहिणीला फोन केला आणि सांगून टाकलं, "नवरदेवासाठी भाड्याची गाडी बघू नका. मारुतीच्या पाया पडून भूषण मांडवात येईल तो चेतनच्या लाल गाडीतून. फुलं तेवढी लावा." म्हटलं, चार पाहुण्यांनी गाडीचं कौतुक केलं की नाना विरघळतील. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तू त्यात पडू नको." तीस वर्षं हे एकच वाक्य म्हणतात. मी तीस वर्षं पडते.

चेतनला विचारलं, "गाडीत अजून काय राहिलं?"

तर म्हणाला, जुना क्लच घासून गेलाय, तो बदलायचा. आणि इंजिनला जरा दम यावा म्हणून कॅमशाफ्ट थोडा वरचा घालायचा.

"म्हणजे काय रे ते?"

पोरानं मला किती नीट समजावलं, ते आता आठवलं की मीच मला चापट मारते. म्हणाला, "अक्का, क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांनी एकमेकांचा हात धरायचा नि सोडायचा. साधा क्लच हात हळूच सोडतो. रेसचा असला की खसकन धरतो, खसकन सोडतो. आणि कॅमशाफ्ट म्हणजे आतला एक दांडा, त्याला उंचवटे असतात. उंचवटा मोठा, तितकं इंजिन जास्त श्वास घेतं. पण तेही पळतानाच. हळू चालताना मोठ्या कॅमला धाप लागते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला दोन्ही बेताचेच हवेत."

मी काय ऐकलं? 'जास्त श्वास घेतं' इथपर्यंत ऐकलं. पुढचं ऐकत होते तेव्हा खाली भाजीवाली आली होती.

हे सामान मिळायचं धुळ्यात, रशीदचाचांकडे. चाचा म्हणजे चेतनचे गुरूच. सुट्टीत त्यांच्या हाताखाली राहून तो शिकला. आणि माझं माहेर धुळ्याचं. मी म्हटलं, "मी उद्या भावाकडे चाललेच आहे, मीच आणते. तू कशाला काम सोडून जातोस?" त्यानं एका कागदावर लिहून दिलं आणि मापासाठी जुनी क्लच प्लेट पिशवीत घालून दिली. एसटीत कंडक्टर म्हणाला, "अक्का, परात घेऊन माहेरी? तिकडे नाही का भांडी?"

पारोळ्याच्या पुढे गेल्यावर मी कागद उघडला. दुसऱ्याचा कागद वाचू नये, पण तो दुसऱ्याचा कुठे, घरच्याच पोराचा! लिहिलं होतं: 'चाचा, कॅमशाफ्ट एक नंबरचाच द्या. क्लच मूळपेक्षा एकच पायरी वर, पॅडल हलकं. नाना बसणार आहेत, त्यांच्या कमरेला धक्का नको.'

मला भरून आलं हो. एकच पायरी वर! म्हणजे बघा, आयुष्यभराचा प्रश्न आहे आणि मागताना सुद्धा पोर एकच मागतंय!

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे वरण-बट्टीच्या पंगतीत माणूस "एकच बट्टी" म्हणतो, तेव्हा आपण एक वाढतो का? एक वाढली तर पाहुणा घरी जाऊन काय म्हणेल? तो 'बस' म्हणाला की दोन घालायच्या, हात आडवा धरला की बोटांच्या फटीतून तूप सोडायचं. आणि चेतनला तर मी लहानपणापासून ओळखते. लाडू खायचे असले तीन, तरी मागणार एक. आईविना वाढलेलं पोर, त्याला मागायची सवयच नाही. तेव्हा मी एसटीतच ठरवलं, की या कागदात लिहिलंय ते पंगतीतलं 'एकच' आहे. वाढायचं आपण!

रशीदचाचांचं दुकान म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत लोखंड. त्यांनी कागद वाचला, प्लेटचं माप घेतलं, आणि एक क्लच काउंटरवर ठेवला. तपकिरी, मळकट. बिनतुपाची भाकरी दिसते ना, तसा.

"हा?" मी म्हटलं.

"हाच. लिखा है ना."

"आणि तो वरचा?" मागे फळीवर एक होता. पितळी रंगाच्या सहा जाड चकत्या बसवलेला, चकचकीत, हातात घेतला तर दागिन्यासारखा जड.

"वो रेसवाला आहे, बाई. मैदानावर चालतो. गल्लीत नाही."

"तोच द्या."

चाचांनी चष्मा काढला. "बाई, कागजपे एक पायरी लिहिलंय."

"चाचा, तो संकोची आहे. त्याला स्वतःसाठी मागता येत नाही."

"माणूस संकोच करतो. कागद कशाला करेल?"

"अहो, आयुष्याचा प्रश्न आहे त्याचा! बापाची शेड मिळतेय का जातेय, असं आहे. आणि तुम्ही हात आखडता घेताय?"

मग कॅमशाफ्ट. त्यांनी एक, दोन, तीन नंबरचे तीन दांडे पुढे ठेवले, नंबर चढेल तसा उंचवटा मोठा. मी बाजारात वांगी निवडते तसे एकेक उचलून उंचवट्यांवरून बोट फिरवलं आणि सगळ्यात टपोरा होता तो बाजूला काढला. चाचा म्हणाले, "ये तीन नंबर आहे. यानं गाडी उडेल, पण चालणार नाही."

"उडू दे की!"

चाचांनी मला तीनदा समजावलं. खोटं कशाला बोलू, तीनदा. पण मीही आईची लेक. शेवटी ते थकले. म्हणाले, "देतो. पण हा कागद परत ने आणि पोराला दाखव. सांग, चाचानं तुझं लिहिलेलं दिलं नाही, बाईंनी निवडलं. नाही पटलं तर बदलून देईन."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आणि वरच्या किमतीचा फरक माझ्याकडून, चेतनला आहेर म्हणून. परत येताना एसटीत ते गाठोडं मी मांडीवर घेऊन बसले होते, देव आणल्यासारखं.

चेतननं खोकं उघडलं. आधी क्लच बघितला. मग कॅम बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"अक्का, हे मी लिहिलेलं नाही."

इथे खरं बोलायचं होतं. कागद पर्समध्ये होता, पर्स खांद्याला होती. पण पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायला म्हणून मी आले होते आणि तिथे आनंदच दिसेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचांनीच सांगितलं. म्हणाले, चेतनला सांग, हेच बसव."

"चाचा म्हणाले? हळू चालवताना त्रास होईल असं नाही म्हणाले?"

"अं... म्हणाले, त्याला जमेल."

त्यानं चाचांना दोनदा फोन लावला. हातात काम असलं की चाचा फोन उचलत नाहीत, आणि चाचांच्या हातात काम नाही असं कधी झालेलं नाही. चेतन थोडा वेळ क्लचकडे बघत उकिडवा बसला. मग म्हणाला, "चाचा म्हणतात तर काहीतरी असेल." आणि गाडीखाली शिरला. गुरूचा शब्द! तो शब्द मी घरून करून आणला होता, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत?

तीन दिवसांनी गाडी सुरू केली, तर आवाज ऐकून माझ्या हातातली कढई हलली. आधी कशी एकसुरात गुरगुरायची. आता धडक-धडक-धडक... मधेच गप्प... पुन्हा धडक!

नाना ओट्यावरून ओरडले, "दमेकरी बसवलाय का रे आत?"

चेतननं अंगणातून गाडी रस्त्यावर काढली. काढली म्हणजे गाडी दचकली, दोन उड्या मारल्या आणि बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा उडी. चौथ्यांदा निघाली. तो परत आला तेव्हा डावा पाय चोळत होता. "अक्का, पॅडल दगडासारखं झालंय. आणि सावकाश चालतच नाही."

"नवीन आहे रे, रुळेल. नवीन चप्पलसुद्धा चावते."

तुम्ही म्हणाल, बाई, तेव्हा तरी सांगायचं! सांगणार होते. रोज सकाळी ठरवायचे, संध्याकाळी सांगू. मग म्हटलं, आता सांगितलं तर त्याचं मन बिथरेल. एकदा लग्न पार पडू दे.

लग्नाच्या दिवशी सकाळी निघालो. पुढे नाना, कमरेला पट्टा बांधून. मागे मी शालू नेसून. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत दोन झटके बसले. नानांनी "हं" केलं. नुसतं "हं". चेतनचे कान लाल.

पण हायवेला लागलो आणि काय सांगू! गाडीनं जी हाक मारली! एरंडोल कधी आलं, पारोळा कधी गेला, पत्ता नाही. इंजिन असं गात होतं, जसं आतापर्यंत कुणी त्याचं तोंड दाबून धरलं होतं. नाना डोळे मिटून ऐकत होते. गिरणी चालवलेला माणूस, नुसत्या आवाजावरून पट्टा कुठे घसरतोय ते सांगायचे. मुकटीच्या आसपास डोळे उघडून म्हणाले, "आवाज एकजीव आहे."

एकजीव! नानांच्या तोंडून! चेतननं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हसला. तिथेच मी तोंड उघडणार होते, 'निवड कुणाची?' म्हणून. देवानं जीभ धरली.

धुळ्यात पोचलो. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, मारुतीपाशी भूषणला फेटा-मुंडावळ्यांसकट मागे बसवला. त्याच्या शेजारी कोण? मी! मला कुणी बस म्हटलं नव्हतं, पण ऊठ तरी कोण म्हणणार? पुढे बँड, बँडपुढे नाचणारी मंडळी, मागे बायका. मांडव म्हणजे असेल दोन-तीन गल्ल्या पुढे. आणि इथे, मंडळी, पहिल्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की वरात हायवेच्या वेगानं जात नसते.

वरात कशी जाते? दहा पावलं जाते, थांबते. कुणाला तरी नाचायचं असतं. पुन्हा पाच पावलं, पुन्हा थांबते. कुणी रुसलेल्या मामाला ओढून आणतं. रेसच्या क्लचला मामाचा रुसवा काय कळणार?

चेतननं क्लच सोडला. गाडी खाडकन पुढे, खाडकन बंद. भूषणची मान गपकन खाली गेली. रस्त्याच्या कडेला दोन म्हातारे उभे होते, त्यांना वाटलं नवरदेवानं नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला. पुन्हा सुरू, पुन्हा झटका, पुन्हा मान. त्या गल्लीतल्या एकूण एक माणसाला भूषणनं नमस्कार केला त्या दिवशी. "काय संस्कार आहेत!" असं कुणीतरी म्हणालेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

त्यात गाडी उभी असली की तिची ती धडक-धडक-गप्प, धडक-धडक-गप्प! बँडवाल्याचा ढोल एका ठेक्यात, गाडी दुसऱ्या. नाचणाऱ्या पोरांना गाडीचाच ठेका आवडला. ती बँड सोडून बोनेटपुढे येऊन नाचायला लागली. बँडमास्तर तणतणत आला, "भाऊ, एक तर तुम्ही वाजवा, नाहीतर आम्ही!"

नानांची बहीण खिडकीशी वाकून अहिराणीत म्हणाली, "माय वं! हाई गाडी शे का बोकड शे?"

आणि नाना? एक हात कमरेला, दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजत होते. गाडी बंद पडली की अंगठा पुढच्या पेरावर. मी मागून ती पेरं बघत होते. एक हात संपला, कमरेवरचा काढून दुसरा घेतला.

आणि मग ती शेवटची उडी. चेतनचा डावा पाय थरथरत होता, पॅडलवरून निसटला. गाडी पुढे झेपावली आणि बंपर जाऊन मोठ्या ढोलाला लागला. ढम्म! लोक म्हणाले, वा! एवढा घुमून तो दिवसभरात वाजला नव्हता. नशीब, ढोलाला आणि ढोलवाल्याला काही झालं नाही. पण गाडीतून जळका वास यायला लागला. चेतननं किल्ली बंद केली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसता बसला.

नाना उतरले. सावकाश, दाराला धरून. कमर सरळ करायला त्यांना वेळ लागला. मग खिडकीतून म्हणाले, ओरडले नाहीत, हळूच म्हणाले, "व्यापाऱ्याला मी उद्या हो सांगतो."

चेतन म्हणाला, "हो, नाना."

एवढंच. चाचांनी सांगितलं होतं म्हणाला नाही. अक्कानं सामान आणलं म्हणाला नाही. माझं नाव नाही, चाचांचं नाही. सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन खाली मान घालून बसला.

अहो, मी भोचक आहे, मान्य. खोटंही बोलले. पण दगड नाही मी! म्हटलं, मंदा, आज या गल्लीत तुझी काय शोभा व्हायची ती होऊ दे, पण हे पोर असं बसलेलं तुला बघवणार नाही. उतरले. पर्स उघडली. रुमाल निघाला, लवंगा निघाल्या, मग तो कागद निघाला. नानांच्या हातात दिला.

"आधी हे वाचा. मग व्यापारी-बिपारी."

नानांचा चष्मा घरी. हात लांब करून, डोळे बारीक करून वाचायला लागले, आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं. "कॅमशाफ्ट एक नंबरचाच द्या. क्लच मूळपेक्षा एकच पायरी वर, पॅडल हलकं. नाना बसणार आहेत..."

तिथे थांबले. पुढची ओळ मनात वाचली. पुन्हा वाचली.

बँडमास्तरानं हातानं खूण करून बँड थांबवला. त्यालाही ऐकायचं होतं.

"हे तू लिहिलंस?" नानांनी विचारलं.

चेतन गाडीतून उतरला. "हो. पण चाचा म्हणाले की..."

"चाचा काही म्हणाले नाहीत!" मी ओरडले. "चाचांनी तीनदा नाही म्हटलं. मीच हट्टानं मोठा आणला. मला वाटलं, एकच लिहिलंय म्हणजे लाजतोय. पंगतीत लाजतात तसा!"

मग मागच्या बायकांमधून एक जण फिसकन हसली, आणि मग अख्खी वरात. भूषण गाडीतून बाहेर डोकं काढून हसत होता. ढोलवाला ढोलावर डोकं टेकून हसत होता. चेतन माझ्याकडे असा बघत होता, की आता हा रडतोय का हसतोय, कळेना.

"अक्का! क्लच काय बट्टी आहे का?"

"मला काय माहीत? मला वाढायचं तेवढं माहीत!"

नाना हसले नाहीत. कागदाची नीट घडी केली आणि छातीच्या खिशात ठेवली. चेतनला म्हणाले, "गिरणीचा पट्टा ताणायला कुणालाही येतो. किती ताणायचा नाही, ते कळायला मला दहा वर्षं लागली. तुला आधीच कळत होतं." मग जरा घसा साफ करून, "शेड तुझी. त्या व्यापाऱ्याला दुसरीकडे बघ म्हणावं."

चेतन वाकून पाया पडला. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसतेय तोवर नानांची बहीण किंचाळली, "मुहूर्त! आरं, मुहूर्त चालला!"

खरंच की! वीस मिनिटं राहिली होती. नवरदेव चालत नेतात का कुठे? दुसरी गाडी त्या गल्लीत शिरणार नव्हती. नाना शांतपणे गाडीत जाऊन बसले आणि म्हणाले, "गिअर काढ चेतन, नुसतं स्टिअरिंग धर. ढकलत न्या."

"कोण ढकलणार?"

नानांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. बाकी सगळ्यांनीही बघितलं.

पदर खोचला. म्हटलं, निवडला आहे तर निस्तरायचाही आपणच! नाचणारी चार पोरं एका बाजूला, मी मधोमध. शालू, नथ, गजरा, आणि दोन्ही हात डिकीवर. आणि काय सांगू, गाडी अशी मऊ चालली, अशी मऊ, की नानांनी खिडकीतून हात बाहेर काढून पसंतीची खूण केली. बँड चालू झाला. मुहूर्ताला पाच मिनिटं असताना आम्ही मांडवात होतो. माझा श्वास मात्र अक्षता पडल्यानंतर आला.

दुसऱ्या आठवड्यात चाचांनी ते दोन्ही परत घेतले आणि कागदाप्रमाणे सामान दिलं. चेतन स्वतः गेला होता. मी "येऊ का?" म्हटलं, तर पळाला. आता ती लाल गाडी हळू चालते तेव्हा पाळण्यासारखी चालते आणि हायवेला मनासारखी पळते. शेडमध्ये गॅरेज सुरू आहे, समोर नेहमी दोन-चार गाड्या उभ्या असतात. दारात खुर्ची टाकून नाना बसतात, आणि येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून चेतनच्या आधी निदान सांगतात.

लग्नातल्या फोटोग्राफरनं नेमका तो ढकलतानाचा फोटो काढला होता. डोळे बाहेर, नथ गालावर, तोंड उघडं. चेतननं तो मोठा करून, फ्रेम करून गॅरेजच्या भिंतीवर लावला. मी दहा वेळा सांगितलं, काढ तो. काढत नाही. दसऱ्याला नानांनी पान्यांची, जॅकची, हवेच्या मशीनची पूजा केली. सगळ्यांना झेंडूचे हार घातले. एक हार उरला, तो त्यांनी माझ्या फ्रेमला घातला.

त्याच दुपारी मी सगळ्यांसाठी चहा घेऊन गेले. चोपड्याहून एक गृहस्थ गाडी दाखवायला आले होते. माझी त्यांच्याकडे पाठ, कप मांडत होते. त्यांची नजर भिंतीवर गेली असावी, कारण मागून चप्पल काढल्याचा आवाज आला. मग हळू, जड आवाजात त्यांनी नानांना विचारलं,

"घरातल्याच का? कशानं गेल्या बाई?"

नानांनी चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले,

"क्लचनं."